कारवान आणि तीन शिफ्ट

लातूरहून निघताना नवऱ्यानं बजावलं, "मामांना नको असेल तर कुत्रा परत आणायचा. कुणाच्या गळ्यात मारायचा नाही." मामी गेल्यापासून भिलाईचे माझे मामा अगदी गप्प झाले होते. त्यांना सोबत म्हणून आम्ही दोघं एका धनगराकडचा कारवान कुत्रा घेऊन निघालो. उंच, सडपातळ, बरगड्या मोजून घ्याव्यात असा.

गप्पांच्या नादात भिलाई मागे पडली आणि आम्ही थेट पुढच्या कुम्हारी गावात! रस्ता विचारायला थांबलो, तर टपरीवरचा चहावाला गाडीत डोकावला. "कोन जात के कुकुर (कुत्रा) आय? खाय बर नइ देथव (खायला देत नाही) का?"

"जातच बारीक आहे!" मी हिंदीत फणकारले. मग त्याला सगळं ऐकवलं. कारवान म्हणजे तांडा. व्यापारी-शिपायांच्या तांड्यांबरोबर हे कुत्रे वायव्येकडून दख्खनेत आले, म्हणून हे नाव, असं जुनी माणसं सांगतात. कर्नाटकात मुधोळ गावावरून मुधोळ म्हणतात. खरंखोटं देव जाणे. तो हसला, गरम फरे (तांदळाच्या पिठाचे उकडलेले मुटके) दिले आणि आम्हाला मागे पिटाळलं.

सेक्टर ६ मधलं क्वार्टर नीटनेटकं होतं. मामेभाऊ पोलादाच्या प्लान्टमध्ये फिरत्या तीन शिफ्टला, वहिनी शाळेत शिकवायला. ज्याच्या त्याच्या वेळेला ज्याचं त्याचं ताट. कुत्र्यालाही तसंच कोपऱ्यात वाढलं. त्यानं तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

"घेऊन जा बाई याले," मामा म्हणाले. "उपाशी मरून राहिला बिचारा. या घरात कोनाचंच मन लागत नाही." मला रडूच कोसळलं.

वहिनींनी विचारलं, "ताई, तिकडं कसा जेवे हा?"

"धनगराच्या बिऱ्हाडात. सगळे बसले की यालाही भाकरी."

"अवो, मंग तांड्याच्या कुत्र्याले एकट्याले कावून वाढून राहिलो आपन?"

त्या संध्याकाळी मामेभाऊ ड्युटीवरून येईपर्यंत कुणी जेवलं नाही. मग अंगणात सगळेच बसलो, मामासुद्धा. कुत्र्यानं एकेकाकडं पाहिलं आणि भाकरीला तोंड लावलं.

"अरे, खाऊन राहिला ना बे!" मामा ओरडले आणि त्यांनी स्वतःही आणखी भात मागून घेतला.

परतीच्या वाटेवर गाडीची मागची सीट रिकामी होती. वाईट वाटलं, पण बरंही वाटलं. नावाचं मूळ कुठल्या मुलखातलं, ते जाणकार ठरवोत. आपल्याला काय, कुत्र्याचं पोट भरलं!

घरी पोचल्यावर फोन लावला. मामांनी घाईनं उचलला.

"नंतर लाव बरं फोन, बाई. आमी सारे जेवाले बसून राहिलो."