सुरमई सोडलेला माणूस

आमचे बाबा मासे खायला बसले की अख्ख्या बोरिवलीतल्या मांजरांनी उपास धरावा. ओठांच्या एका कोपऱ्यातून सुरमई आत, दुसऱ्यातून काटा बाहेर, आणि तोही इतका लख्ख की मांजर नुसतं हुंगायचं आणि आमच्या घराण्याला शिव्या देत निघून जायचं. असा माणूस माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी तळलेल्या तुकडीचं ताट सरकवून म्हणाला, "आजपासून मला नको."

का, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

माझ्या हळदीला आत्या सकाळीच मुलुंडहून आली होती. लहानपणी मला तिनेच कडेवर वागवलेलं. हळदही तिनेच कालवली. तिचे यजमान जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ती वाटी घेऊन पाटाजवळ आली आणि बाबा सगळ्यांदेखत बोलले, "तू नको लावूस गं. मागे थांब." आत्या हसली. वाटी आईच्या हातात दिली आणि आत पुऱ्या लाटायला गेली. मी पाटावर बसून मित्रांना कसला तरी किस्सा रंगवून सांगत होतो. तो मी मध्ये तोडला नाही.

आत्या त्यानंतर आमच्याकडे आली नाही. बाबांना ते डाचत होतंच. पण धाकट्या बहिणीपुढे उभं राहून 'चुकलो' म्हणणं त्यांना जमण्यातलं नव्हतं. देवापुढे जमायचं. त्यांनी देव्हाऱ्यात नारळ ठेवला, जिवापाड आवडती गोष्ट सोडली. झालं प्रायश्चित्त.

लोक मला विचारायचे, तुझा बाप आणि मासे सोडतो? खरं सांगायची लाज. मग मी सुटायचो. कुणाला सांगितलं, सुरमई स्वप्नात येऊन हमसून हमसून रडली. कुणाला सांगितलं, भाऊच्या धक्क्यावर फोटो लावून त्यांना बंदी केलीय, मुंबईला मासळी पुरेना. सगळ्यात चालली ती हिमालयातल्या बाबाजीची गोष्ट. त्याने कपाळाला अंगठा टेकवला आणि बाबांची जीभच शाकाहारी झाली. ही थाप लग्नामुंजींतून फिरत फिरत मुलुंडला पोचली. आत्याला वाटलं, दादा साधू झाला, बहिणीला विसरला.

यंदा मोठ्या आजारातून उठल्यावर बाबा म्हणाले, "तिला विचारून ये, राग गेला का." मी गेलो. आत्या मेथी निवडत होती. तिला सगळं खरं सांगितलं.

"म्हणजे बाबाजी नव्हताच?"

"नव्हता."

"मेल्या, मी इतकी वर्षं त्याला शिव्या घालतेय ना." ती हसली. मग हसू ओसरलं. "दादाने मासे सोडले ते देवाला कळलं. मला कोणी सांगितलं? देव येऊन निरोप देणार होता?"

"आत्या, त्यांच्या मनात..."

"आणि तू रे? हळद अंगाला लागली होती ना तुझ्या? जिभेला तर नव्हती. जगभरच्या गोष्टी सांगतोस. आधी माझी आत्या लावेल, एवढंच म्हणायचं होतंस."

मी खाली बसून मेथीच्या काड्या मोडत राहिलो.

घरी बाबा दारातच उभे. "काय म्हणाली?"

थाप जिभेवर तयार होती. रडली, म्हणाली दादावर कसला आलाय राग. बाबा त्या रात्री पोटभर सुरमई खाऊन झोपले असते. मी ती थाप गिळली.

"राग आहे, बाबा. तुमच्यावर आहे आणि माझ्यावरही."

ते देव्हाऱ्याकडे वळले. "मग इतकी वर्षं मी केलं ते काय होतं?"

"पथ्य," आई आतून म्हणाली.

रविवारी आम्ही दोघं मुलुंडला जाणार आहोत. ती दार उघडेल की नाही, माहीत नाही. बाबा आरशासमोर उभे राहून 'चुकलो' म्हणून बघतात. सुरमईचा काटा कधी घशात न गेलेला माणूस, पण हा शब्द दर वेळी अडकतो. मी बाजूला उभा असतो. माझाही अजून निघालेला नाही.