सहादेवने गाळायला लावलेलं रीळ

सहादेव चांगला माणूस होता असं मी म्हणणार नाही. वाईट होता असंही म्हणवत नाही. प्रवरेकाठच्या बेलापुरात आमची घरं भिंतीला भिंत लागून होती, त्यामुळे त्याची बायको छबूबाई कधी हसते आणि कधी मार खाते, ते मला घरबसल्या कळायचं. हसण्याचे प्रसंग थोडे होते.

तरुणपणी तो नगरच्या कॅम्पात एका थेटराच्या दारावर होता. तिथे गोऱ्यांचे घोड्यांचे सिनेमे लागायचे. इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण बघून बघून सगळं पाठ झालेलं. वडील गेल्यावर तो शेती करायला गावी परतला, ते तिकडची चाल घेऊनच. पाय फाकवून चालायचा आणि उभा राहिला की अंगठे पट्ट्यात अडकवायचा. धोतरावर पट्टा! मी तोंडावर हसायचे. तो उत्तर द्यायचा नाही. मर्दाने बोलू नये, ही त्याची त्या सिनेमांतली शिकवण.

बहात्तरच्या दुष्काळात राधाकृष्णशेठने गावाबाहेर तंबूचं थेटर लावलं. हिंदी सिनेमे महाग पडायचे, म्हणून एक जुनापाना घोड्यांचा सिनेमा त्याने स्वस्तात आणला. भाषा कुणाला कळणार? मग सहादेव पडद्याशेजारी कर्णा घेऊन उभा राहिला. घरात मुक्यासारखा वावरणारा हा माणूस तिथे असा सुटला की विचारू नका. नायकाला त्याने ‘पाटील’ करून टाकलं. पाटलाने बाईच्या थोबाडीत मारली की हा कर्ण्यातून ओरडायचा, ‘बाईला अशी सरळ करावी लागती!’ लगेच कनातीपलीकडून पुरुषांच्या शिट्ट्या. आम्ही बाया कनातीच्या अलीकडे गप्प.

त्या सिनेमात पाटलाला गोळी लागते. मग जवळजवळ एक अख्खं रीळ तो खाटेवर पडून असतो. बाई डॉक्टरला घेऊन येते, त्याला पाणी पाजते आणि तो तिचा हात धरून रडतो. पहिल्या खेळाला आमच्या बाजूला कुणी हललं नाही. मला तर भरून आलं. पण पुरुषांनी असा गलका केला की सहादेवला बोलता येईना. दुसऱ्या दिवशी तो शेठला म्हणाला, “ते रडगानं काडून टाका. मर्द मानूस रडतो व्हय?” खेळ लवकर संपला तर शेठलाही हवंच होतं. तेव्हापासून बेलापुरात पाटलाला गोळी लागायची आणि लगेच तो घोड्यावर बसायचा.

एकदा तंबूचा दोर ताणताना सहादेवचा पाय गंजक्या लोखंडी खुंटीवर पडला. खुंटी तळव्यात शिरली. भोवती माणसं बघत होती. त्याने हूं की चूं न करता पाय उपसला, जखमेत तंबाखू दाबली आणि संध्याकाळी कर्णा घेऊन उभा राहिला. केवढी वाहवा झाली! त्या वाहवेनेच त्याचा घात केला, हे मी आजही छातीठोकपणे सांगते.

पाय सुजला. बघायला आलेले लोक ओट्यावर बसले असताना छबूबाई म्हणाली, “अवो, शिरामपूरला चला. एक सुई टोचून घ्या. तुमाला काय झालं तर मी कुनाकडं बघू?”

सहादेवने बसल्या जागेवरून तिच्या मुस्काटात दिली. “बाईच्या म्हन्यानं मी दवाखान्यात जाऊ?” त्याचा थोरला भाऊ कारभारी मिशीतल्या मिशीत हसला. मला इतका संताप आला की हातातलं सूप मी अंगणात आपटलं.

पुढे त्याचा जबडा धरला. भाकरी चावेना, मान ताठली, पाठ कमानीसारखी वळायला लागली. तरी कुणी उचलायला गेलं की हात हलवून नको म्हणायचा. आणि ते शहाणे ऐकायचे! “सहादेव हाय त्यो, उठंल,” असं म्हणून चहा पिऊन जायचे.

शेवटी छबूबाईने स्वतः गाडीला बैल जुंपले आणि आम्ही दोघींनी सहादेवला उचलून मागे निजवलं. आमच्याकडे बाई गाडीत बसते, हाकत नाही. कारभारी आडवा आला. “बाईनं गाडी हाकायची आन मर्दानं मागं पडून ऱ्हायचं? गावातनं?”

“बाजूला व्हा, भावजी. न्हाईतर बैल अंगावर घालीन.”

तो बाजूला झाला. मी मागे सहादेवचं डोकं मांडीवर घेऊन बसले. पेठेतून जाताना त्याने डोळे घट्ट मिटून घेतले होते. शेवटचं घर मागे पडलं आणि त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. दातावर दात बसलेले, त्यातूनच तो बोलला. “छबे, बिगी हाक. मला मरायचं न्हाई.” छबूबाईने मागे वळून पाहिलं आणि बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या. दवाखान्याच्या दारात पोचलो तेव्हा तो गेलेला होता.

दहाव्याला आटलेल्या प्रवरेच्या पात्रात पिंड मांडला. कावळा शिवेना. कारभारी हात जोडून म्हणाला, “सहादेवा, तुझी शेती संबाळू. तू मर्दासारका गेलास, हूं केलं न्हाईस, ह्ये गावात सांगत ऱ्हाऊ.”

कावळा लांबच बसून राहिला. तेव्हा बायांमधून छबूबाई उठली.

“त्ये रडले हुते. बिगी हाक म्हनले हुते. मरायचं न्हाई म्हनले हुते.”

“खरं आहे,” मी म्हणाले, “मी ऐकलंय.” माझ्याकडे कुणी बघितलंदेखील नाही.

“गप बस,” कारभारी तिच्यावर खेकसला. “मेलेल्या नवऱ्याची अब्रू घेतीस व्हय?”

“अब्रू न्हाई घेत. त्ये जे बोलले, त्ये सांगते. जिते हुते तवा तुमी कुनी इचारलं न्हाई.”

 मग कुणीतरी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला शिववला, आणि सगळे आंघोळीला विहिरीकडे निघून गेले.