स्क्रीनचा उजेड

माझे सासरे रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले, त्याला आता बरीच वर्षं झाली. बनारसमध्ये मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत आमचं घर आहे. काही पिढ्यांपूर्वी यांच्याकडचं कुणीतरी महाराष्ट्रातून इथे आलं आणि इथलंच होऊन राहिलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. मी सोलापूरची. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई नव्हत्या, त्या आधीच गेल्या होत्या. घरात आम्ही तिघं. नवरा बँकेत, सकाळी जायचा तो दिवे लागल्यावर परत यायचा. मी एका शाळेत गणित शिकवते आणि दुपारी घरी येते. म्हणजे दुपार ते संध्याकाळ घरात सासरे आणि मी, दोघंच. आणि पहिली दोनतीन वर्षं आमच्यात बोलणं जवळजवळ नव्हतंच.

"चहा ठेवू का, बाबा?"

"ठेव."

एवढंच. मनात काही राग-लोभ नव्हता. त्यांना फार बोलायची सवय नव्हती आणि मला त्यांच्याशी काय बोलावं ते सुचत नसे.

मग नवऱ्याने नवा लॅपटॉप घेतला. जुना इतका रेंगाळायचा की चालू करून आंघोळ उरकून यावं. तो कबाडीवाल्याला द्यायचं ठरलं होतं, पण बाबांनी अडवलं.

"मला राहू दे. पुण्याचा पेपर वाचेन त्यावर."

बनारसमध्ये मराठी पेपर मिळत नाही. कुणी पुण्याहून आलं की डबे-बाटल्यांना गुंडाळलेले कागदसुद्धा बाबा हाताने सरळ करून वाचत. मोबाइलवर पेपर दिसायचा, पण त्यांना ती अक्षरं फार बारीक वाटत.

एमएस्सीला असताना कॉलेजच्या लॅबमध्ये मी विंडोजऐवजी लिनक्स वापरलं होतं. मी म्हटलं, "याच्यावरचं सगळं पुसून लिनक्स घालून बघू या का? जुन्या मशिनवरही चांगलं चालतं. आणि फुकट असतं."

"फुकट कसं काय?"

"जगभरची माणसं मिळून बनवतात आणि वाटून टाकतात. आतलं सगळं उघडून बघता येतं."

"सगळं?" त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर रुळांकाठच्या लोखंडी पेट्या उघडून आतल्या तारा तपासलेला माणूस. त्यांना फुकटपेक्षा हे दुसरं जास्त आवडलं असावं.

पेनड्राइव्हवरून लिनक्स घालणं सोपं होतं, एका दुपारीच झालं. खरं काम पुढे होतं. नव्या सिस्टमला त्या लॅपटॉपचे निम्मे भाग ओळखताच येईनात. वायफाय दिसेना. ते चालवणारा प्रोग्राम, त्याचा ड्रायव्हर, उतरवून घ्यायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटसाठी वायफाय हवं. शेवटी माझा फोन वायरीने जोडून त्याचं नेट वापरलं, तेव्हा ते जमलं. टचपॅडवर एक बोट टेकवलं की बाण कुठल्या कुठे पळायचा. आवाज फक्त हेडफोनमधून यायचा, स्पीकर मुके. एकेक घेऊन बसायचं, असं आमचं सुरू झालं. मी शाळेतून यायची, जेवण व्हायचं, बाबा जाजमावर बसून लॅपटॉप पुढ्यात ओढायचे आणि मला हाक मारायचे, "बेटा, येतेस का? आज आवाजाचं बघू."

बेटा म्हणायला त्यांनी तेव्हापासूनच सुरुवात केली.

मी इंग्रजीतल्या फोरमवर शोधायची, कुणी काय केलं ते त्यांना मराठीत सांगायची. मग ते म्हणत, "थांब. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशाने झालं ते कळत नाही." स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत कमांड लिहायची पाळी त्यांची. एका बोटाने, अक्षर न अक्षर मोठ्यांदा म्हणत ते टाइप करत. मध्येच नोकरीतल्या गोष्टी निघत. धुक्यात सिग्नल अडकला की रात्री कसं जावं लागे, सासूबाई डब्यात काय देत, त्यांना बनारसचं हवामान कसं कधीच मानवलं नाही. मी सोलापूरच्या घराबद्दल सांगायची. माझ्या वडिलांशीही मी इतकं कधी बोलले नसेन.

आवाज झाला. टचपॅड झालं. राहिला एक उजेड.

त्या लॅपटॉपचा स्क्रीन कायम पूर्ण प्रखर. उजेड कमी करायचं बटण दाबलं की स्क्रीनवर छोटी पट्टी उमटायची, पट्टी खाली सरकायची, पण उजेड तस्साच. बाबा म्हणाले, "म्हणजे लिव्हर ओढला जातोय आणि सिग्नल पडत नाहीये. मधली तार कुठेतरी तुटली आहे."

त्याच सुमाराला त्यांचे डोळे दुखायला लागले. दुखायला म्हणजे भुवईच्या वर, कपाळात ठणका. संध्याकाळी जास्त. पेपर वाचून झाला की ते डोळे मिटून पडून राहात आणि म्हणत, "ही रोशनी सहन होत नाही गं." कारण तर समोरच होतं. आम्हा दोघांना दुसरं काही शोधायची गरजच वाटली नाही.

मी बाजारातून पिवळा जिलेटीन कागद आणला आणि स्क्रीनवर चिकटवला. अक्षरं मळकी दिसायला लागली, दोन दिवसांनी तो काढून टाकला. मग पेपर वाचताना ते खोलीतला दिवा बंद करून बसू लागले, म्हणजे एकच उजेड डोळ्यांवर येईल असा हिशोब. नवरा यायचा तेव्हा अंधाऱ्या खोलीत बाबांचा चेहरा तेवढा निळसर उजळलेला असायचा. तो म्हणायचा, "पापा, नवीन घेऊन देतो ना. छोड़िए इसको." नवऱ्याचं असंच, अर्ध्या वाक्यात मराठी संपतं. बाबा म्हणायचे, "नवीन नको. हा ठीक होईल. आम्ही दोघं आहोत ना."

हिवाळा लागला. संध्याकाळी आम्ही कधीकधी राजा घाटावर जाऊन बसायचो. एकदा परतताना ते म्हणाले, "दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात बघ." मी पाहिलं. नदीवर धुकं होतं, आणि धुक्यात दिव्यांभोवती वलय दिसतंच. मी म्हटलं, "हो, धुकं उतरलंय." त्यांनाही ते पटलं. पायऱ्या चढताना त्यांचा डावा पाय एका पायरीला अडखळला, मी हात धरला. त्या पायऱ्यांवर कोण अडखळत नाही.

उजेडाचं कोडं आम्ही सोडलं नव्हतं. फोरमवर बरेच उपाय होते आणि बहुतेक दुसऱ्याच लॅपटॉपचे. एकेक करून पाहायचा, मशीन बंद करून चालू करायचं, बटण दाबायचं, नाही. कधी स्क्रीन पूर्ण काळा व्हायचा आणि सगळं परत पहिल्यापासून. बाबा चिडत नसत. मीच कधी म्हणायची, "आज पुरे." ते म्हणत, "अजून एक बघू. मग चहा."

माघात एका दुपारी ते सापडलं. लॅपटॉपला उजेड कमी-जास्त करायचे दोन रस्ते होते, आणि सिस्टम नको त्या रस्त्याने हुकूम पाठवत होती. मशीन सुरू होताना वाचते त्या ओळीत एक शब्द वाढवला की ती दुसरा रस्ता धरते. तो शब्द बाबांनी टाइप केला. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला. त्यांनी बटण दाबलं आणि स्क्रीन सायंकाळ झाल्यासारखा मंद होत गेला. त्यांनी पुन्हा वाढवला. पुन्हा कमी केला. किती तरी वेळ ते तेच करत बसले होते. मग म्हणाले, "आज चहा मी करतो." आणि खरंच केला, खूप गोड.

त्या रात्री मी नवऱ्याला सगळं खुलवून सांगितलं. इतकी खूश मी त्या घरात पूर्वी झाले नव्हते.

पण कपाळातला ठणका गेला नाही. स्क्रीन इतका मंद करून ठेवलेला की मला वाचता येईना, तरी संध्याकाळी बाबा डोळ्यांवर पंचा टाकून पडलेले. मी म्हटलं, "बाबा, उजेड तर कमी केला ना?"

"केला की," ते म्हणाले. "मलाही तेच समजत नाहीये."

आणि मग एक दिवस मी चहाचा कप त्यांच्या डाव्या हाताला ठेवला, नेहमी ठेवते तसाच. त्यांनी पेपरातलं काहीतरी दाखवायला हात फिरवला आणि कप उडाला. कप तिथे आहे हे त्यांना दिसलंच नव्हतं. मी फडकं आणायच्या आधी नवऱ्याला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने रजा काढली. डोळ्यांच्या दवाखान्यात बऱ्याच तपासण्या झाल्या. डॉक्टर बाई तरुण होत्या, शांत. म्हणाल्या, "मोतिया है."

मला हायसं वाटलं. मोतिया म्हणजे मोतीबिंदू. ऑपरेशन होतं, चार दिवसांत माणूस पेपर वाचायला लागतो, शेजारच्या आजींचं झालं होतं. मी तसं बोललेही. त्या म्हणाल्या, "सफ़ेद नहीं, काला मोतिया."

म्हणजे काचबिंदू. हा शब्द मला त्याच दिवशी, दवाखान्याच्या बाकावर बसून फोनवर शोधल्यावर कळला. डोळ्यातला दाब वाढत जातो आणि नजर कडेकडेने मरत येते. डाव्या डोळ्याची बरीचशी गेली होती, उजव्याची थोडी.

"कितने दिन से दर्द है? लाइट के चारों तरफ़ रंगीन घेरा दिखता था?"

"जाड़े से पहले से," बाबा म्हणाले. "घेरा भी दिखता था."

"तो पहले क्यों नहीं आए?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते म्हणाले, "हमें लगा लैपटॉप की रोशनी है."

डॉक्टर बाई हसल्या नाहीत. अंधारात बसून काही वाचत होता का, असं त्यांनी विचारलं, आणि अशा डोळ्यांना अंधार वाईट असतो, दाब आणखी वाढतो, एवढंच सांगितलं. जी नजर गेली ती परत येणार नाही, उरली आहे ती सांभाळायची. दोन्ही डोळ्यांना लेझर झालं, आणि रोजचे थेंब कायमचे मागे लागले.

मी पुष्कळ दिवस तोच विचार करायची. दिवा बंद करून बसायची कल्पना कुणाची होती, माझी की त्यांची, ते मला आता आठवत नाही. एकदा न राहवून मी बोलून दाखवलं. "मी आधीच म्हणायला हवं होतं, डॉक्टरकडे जाऊ या म्हणून."

"डोळे कुणाचे होते?" ते म्हणाले. "मला कळलं नाही, तुला कुठून कळणार?" मग म्हणाले, "नोकरीत असं केलं असतं ना, तर मेमो मिळाला असता मला. एक फॉल्ट सापडला म्हणून दुसरा बघितलाच नाही."

पेपर वाचणं त्यांना जड जाऊ लागलं. उजव्या डोळ्याने दोन बातम्या व्हायच्या की थकायचे. मी लॅपटॉपवर मजकूर वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर बसवलं. तेही फुकटचंच. त्याचा आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा. बाबांनी थोडा वेळ ऐकलं आणि हेडफोन माझ्या कानाला लावला. "ऐक. याला ळ म्हणता येत नाही. आपल्या गल्लीतल्या मराठी पोरांसारखाच आहे." आम्ही दोघं हसलो. महिनाभर त्यांनी ते चालवलं, मग हळूहळू लॅपटॉप उघडणं बंद झालं. मीही आग्रह केला नाही.

मध्यंतरी फोरमवर कुणीतरी त्याच मॉडेलबद्दल विचारलं होतं. बटण दाबतो, पट्टी सरकते, उजेड कमी होत नाही, डोळे दुखतात. मी ती ओळ आणि तो शब्द लिहून पाठवला. खाली लिहिलं, डोळे एकदा तपासूनही घ्या. त्याचं उत्तर आलं, चाललं, आभार. डोळ्यांबद्दल काहीच नव्हतं. तरुण असेल कुणी.

मला सगळ्यात वाईट याचं वाटतं की त्या दुपारी मनात वेगळ्या काढून ठेवता येत नाहीत. या घरात मला माणूस मिळालं ते त्याच महिन्यांत, आणि माझ्या शेजारी बसून त्या माणसाची नजर जात होती तीही त्याच महिन्यांत. ते हसत असलेले आठवले की मागोमाग ती अंधारी खोली आठवते.

आता दुपारी मी माझ्या फोनवरून त्यांना पेपर वाचून दाखवते. मृत्यूच्या बातम्या त्यांना आधी हव्या असतात, मग पाऊसपाणी. अग्रलेखाला ते झोपतात. संध्याकाळी घाटावर गेलो तर मी त्यांच्या डाव्या बाजूने चालते आणि ते माझ्या खांद्यावर हात ठेवतात.

परवा त्यांनी विचारलं, "तो लॅपटॉप चालतो का अजून?"

"चालतो."

"मग शाळेत देऊन टाक कुणा गरजूला. पडून राहिला तर बॅटरी मरेल."

मी हो म्हटलं. अजून दिलेला नाही.