एक अब्ज रंग आणि अक्कांचा दात

दातांच्या डॉक्टरांचं नाव पाटीवर असतं. ज्यांनी दात केला त्यांचं नाव कुठेच नसतं. असा एक माणूस गेली एकतीस वर्षं एका अरुंद जिन्यावरच्या खोलीत, छोट्या भट्टीशेजारी बसून लोकांचे दात करतो आहे. त्यांना पहिलं काम दिलं त्यांच्या एका चुलत बहिणीच्या मुलीनं. ती दातांची डॉक्टर, तिनं मामा म्हटलं, म्हणून बाकीचे डॉक्टर, कुरियरवाला, खालचा झेरॉक्सवाला, सगळेच मामा म्हणू लागले.

मामा कवळ्या करतात, कॅप करतात. नवा दात ओळखू आला की काम फसलं, असं त्यांचं साधं गणित. त्यामुळे चांगल्या कामाचं कौतुक त्यांना कधीच ऐकायला मिळत नाही, आणि त्याचाच त्यांना अभिमान. त्यांच्याकडे पत्र्याच्या पट्टीत बसवलेले सोळा नमुन्याचे दात आहेत, पांढऱ्यापासून पिवळट-करड्यापर्यंत. त्यांचा नियम असा, की रंग ठरवायचा तो सकाळी अकरा ते एकच्या दरम्यान, खिडकीशी, ओठांवरचा रंग पुसून. एका बाईंना तर त्यांनी गळ्यातला लाल रुमालही काढायला लावला होता. रुमालाचा रंग दातावर पडतो म्हणे.

अशा माणसाच्या हाती गेल्या वर्षी नवा फोन आला. जुना भट्टीवर पडून गेला होता. जावईबापूंना फोनच्या पडद्यांचं भारी वेड. तीन आठवडे त्यांनी तुलना केली आणि मग निकाल सांगितला, "बाबा, तुमचं तर कामच रंगांचं. पडदा चांगला नको?" पडद्यावर एक अब्ज रंग दिसतात, उजेड तीन हजार निट्सचा आणि चित्र सेकंदाला एकशेवीस वेळा ताजं होतं, हे मामांनी पाठ करून टाकलं. निट्स म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण तीन हजार आहेत हे ठाऊक होतं. झेरॉक्सवाल्याला त्यांनी ते दोनदा सांगितलं. सेकंदाला एकशेवीस वेळा ताज्या होणाऱ्या त्या पडद्यावर एक निरोप वाचायला मामांना चष्मा शोधण्यासकट चार मिनिटं लागत. चार्जिंग पुरावं म्हणून उजेड कायम मंद ठेवलेला. आणि एक अब्ज रंगांपैकी कामाला लागत होते सोळा.

मामींचा फोन पाच वर्षांचा. पडद्याला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा. रोज दुपारी जेवणं आटोपली की त्या त्याच फोनवर नणंदेशी, म्हणजे अक्कांशी, व्हिडिओवर अर्धा तास बोलत. यात तुला दिसतं तरी काय, असं मामांनी एकदा चिडवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, माणूस दिसतं.

अक्का मामांपेक्षा अकरा वर्षांनी मोठ्या. आई कामावर जायची तेव्हा मामांना त्यांनीच सांभाळलं. पुढे शाळेत चाळीस वर्षं शिकवलं, आणि आता बसने दोन तासांवर एकट्या राहतात. दोन महिन्यांपूर्वी भाजीची पिशवी घेऊन चढताना पायरीवर घसरल्या आणि समोरचा दात अर्धा तुटला. तेव्हापासून बोलताना तोंडावर हात. त्यातच जुन्या विद्यार्थ्यांनी रविवारी मेळावा ठरवलेला, अक्कांनी त्यात बोलायचं. तोंडावर हात धरून भाषण कसं करू, त्यापेक्षा जातच नाही, असं त्यांनी मामींना सांगून ठेवलं होतं.

मग मामांनी दात मीच करणार म्हणून जाहीर केलं. अक्कांच्या डॉक्टरांनी माप पाठवलं आणि फोनवर फोटो. मामांनी या वेळी कंजूषपणा न करता उजेड पूर्ण वाढवला. काय ते दात! मोत्यांची माळच. चौऱ्याहत्तराव्या वर्षी सगळ्यात पांढऱ्या नमुन्याचे दात कुणाचे नसतात, हे त्यांनीच कितीतरी डॉक्टरांना सुनावलेलं. पण समोर एक अब्ज रंग सांगत असताना सोळा दातांच्या पट्टीचं कोण ऐकतो? आमच्या घराण्याचे दातच तसे, असं कुरियरवाल्याला ऐकवत त्यांनी आयुष्यातला सर्वांत सुंदर पांढरा दात केला आणि पाठवून दिला.

सोमवारी डॉक्टरांनी तो तात्पुरता बसवून पाहिला. फोन आला तो मामींना. दात फार छान झालाय, त्याला सांग, फक्त बाकीचे आता दुसऱ्या कुणाचे वाटतात, असं अक्का म्हणाल्या. रविवारचं बहुतेक जमणार नाही, कळवून टाकते. मामांनी फोन हातात घेतला. तड्यापलीकडे अक्कांनी हात बाजूला केला, आणि जुन्या दातांच्या रांगेत एकच दात ट्यूबलाइटसारखा पेटलेला दिसला.

"अक्कांचे दात पहिल्यापासून पिवळसर आहेत," फोन ठेवल्यावर मामी म्हणाल्या. "दिवसभर चहा चालतो त्यांचा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुमच्याकडे एक अब्ज रंग होते."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. मामांनी दोन्ही फोनवर तोच फोटो उघडून शेजारी ठेवला. दोन वेगळ्या अक्का दिसल्या. जावईबापूंना विचारलं, तर ते म्हणाले, रंग भडक दाखवायची सेटिंग चालू असेल, नैसर्गिक करा. मामांनी केली. मोती जरा उतरले, पण दात तीन नमुन्यांपैकी कुठल्याही नमुन्याचा म्हणून खपला असता. पडद्यावर राग काढून काही उपयोग नव्हता. खिडकीचा नियम सगळ्यांना शिकवणाऱ्यानंच तो मोडला होता. आणि त्याहून एक गोष्ट त्यांना फार लागली. अक्कांचे दात आपण प्रत्यक्ष कधी पाहिले, हे आठवायला गेले, तर त्याला दोन वर्षं झाली होती. मामींना तडा गेलेल्या काचेतून जे रोज दिसत होतं, ते त्यांना कशातूनच दिसलं नव्हतं.

बुधवारी पहिल्या बसने मामा गेले. अकरा वाजता अक्कांना खिडकीशी बसवलं, हनुवटी वर करायला सांगितली आणि पट्टी दाताजवळ धरली.

"दोन वर्षांनी आलास," अक्का म्हणाल्या, "आणि बघतोयस काय, तर दात."

शेवटून तिसरा नमुना जुळला. शेजारच्या दातावर चहाची बारीक तपकिरी रेघ होती, आणि कडेला इवलीशी झीज. ती कशाची, हे अक्कांखेरीज जगात एकट्या मामांना माहीत होतं. त्यांच्या शाळेच्या सदऱ्याची बटणं लावून झाली की अक्का दोरा त्याच दातानं तोडायच्या. मामांनी पट्टी उगाचच पुन्हा एकदा लावून पाहिली, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मान वर करायची नव्हती.

दोन दिवस त्यांनी दुसरं काही केलं नाही. दात चारदा भट्टीत घातला, बारीक कुंचल्यानं त्यावर रेघ ओढली, कड घासून झिजवली. चांगला दात जुना करायला एवढे कष्ट घेणारा माणूस विरळा. शनिवारी तो कुरियरनं न पाठवता खिशात घालून ते स्वतः निघाले. डॉक्टरांनी दात पक्का बसवला. अक्कांच्या घरी येऊन मामांनी त्यांना पुन्हा खिडकीशी बसवलं, फोटो काढला आणि मामींना पाठवला.

उत्तर लगेच आलं. "यातला नवा कोणता?"

एकतीस वर्षांत मिळालेली ही पहिली पावती. मामा फुगले, आणि लगेच त्यांच्या मनात पाल चुकचुकली. तिचा फोन पाच वर्षांचा, पडद्याला तडा. ही तारीफ हाताची की काचेची? शंका त्यांनी अक्कांना बोलून दाखवली.

अक्कांनी फोन ओढून घेतला, चष्मा न लावता मामींचं वाक्य वाचलं, भावाच्या चिंतातुर चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसत सुटल्या. दोन्ही हातांत फोन होता. तोंडावर न्यायला हात उरला नव्हता, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. उद्या कुठली साडी नेसू, असं हसता हसताच त्यांनी विचारलं.

खिडकीत भरपूर उजेड होता, दुपारचे पावणेबारा झाले होते, पण दाताचा रंग जुळला की नाही हे बघायचं मामांना सुचलंच नाही.