वास आंब्याचा नव्हता

"आंबा खाल्लात का?" स्ट्रेचरवर वाकून डॉक्टरांनी विचारलं. दोन दिवस माझ्या पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. मी 'नाही' म्हणून मान हलवली. त्यांनी पुन्हा माझ्या श्वासाचा वास घेतला आणि सिस्टरला म्हणाले, "शुगर बघा, लगेच." यंत्रावर आकड्याऐवजी 'हाय' उमटलं, म्हणजे साखर यंत्राच्या मापापलीकडे. निदान झालं: डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस. जिवावरचं दुखणं.

हे २००१च्या मे महिन्यातलं. मी तिशीची, नवरा जहाजावर. रत्नागिरीजवळच्या आमच्या घरात माजघरभर आढी, म्हणजे गवतात पिकत घातलेले हापूस. तीन आठवडे मला सारखी तहान, सारखी लघवी. पेट्या भरता भरता मी झोपून जायची. ऊन बाधलं म्हणून सासूबाई तांब्या तांब्या कोकम सरबत पाजत, साखर अगदी सढळ हाताने. तोंडाला गोडसर वास येऊ लागला तेव्हा त्या फणकारल्या, "काय गो, आढीतला आंबा खाल्लंस ना गपचूप?" घरभर तोच वास, दुसरं कुणाला काय सुचणार? मी रुसून बसले. मग धाप थांबेना, तेव्हा त्यांनीच रिक्षा बोलावली.

डॉक्टरांनी नंतर समजावलं. खाल्लेल्या अन्नाचं ग्लुकोज होतं. पेशीत प्राणवायूच्या मदतीने त्याचं टप्प्याटप्प्याने विघटन होऊन ऊर्जा मिळते. हेच पेशीचं श्वसन. "पण ग्लुकोजला पेशीचं दार इन्शुलिन उघडून देतं आणि ते तुमच्या शरीरात बनत नाही. अंगणात पेट्यांची थप्पी, आत माणसं उपाशी!" उपाशी शरीर मग चरबी जाळतं. त्यातून कीटोन तयार होतात, रक्त आंबट करतात. तो वास त्यांचा होता.

सलाईन, इन्शुलिन, तासातासाला रक्ततपासणी. दुसऱ्या दिवशी श्वास शांत झाला. सासूबाई कॉटशेजारी बसून रडल्या, "चोर म्हटलंय गो तुला."

सुई जन्मभराची हे ऐकून मीही रडले. सिस्टर शिकवायला आल्या तर सासूबाई पुढे. "मलापण शिकवा. हिचा हात थरथरला तर?" थरथरला त्यांचाच, आणि आम्ही दोघी हसत सुटलो.

तुमच्यावर ही वेळ आली तर सुईला घाबरू नका. उपास असला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती चुकवूही नका.

घरी आल्यावर आठवड्याभराने विहिरीवरून भरली कळशी घेऊन चिऱ्याच्या पायऱ्या चढले, मध्ये न थांबता. सासूबाई काळजीने दारातच उभ्या. "दमलंस गो?"

"नाय आई," मी म्हटलं, "भूक लागलेय."