नातीचा दुसरा जोड

आमच्या दवाखान्यात दर मंगळवारी वाकड्या पायांची बाळं येतात. जन्मतःच पाऊल आत वळलेलं असतं. मी त्यांचे केसपेपर लिहितो. साहित्याची पदवी घेऊन इथे लागलो तेव्हा बूटकाका म्हणाले होते, "एवढं शिकलास, आता लोकांची नावं तरी चुकवू नकोस."

काका बाळांचे बूट करतात. जिन्याखालची खोली त्यांची. माझ्याहून पस्तीस वर्षांनी मोठे, तरी डबा आम्ही एकत्रच खातो.

डॉक्टरबाई दर आठवड्याला पाऊल थोडं थोडं बाहेर वळवून प्लास्टर घालतात. पाच-सहा प्लास्टरांत ते सरळ होतं. पण पाऊल हट्टी. मोकळं सोडलं की परत आपल्या वळणावर जातं. म्हणून काकांचे बूट. दोन छोटे बूट, मध्ये लोखंडी पट्टी. तीन महिने दिवसरात्र, मग चार वर्षं फक्त झोपेत.

बूट घट्टच लागतो. टाच तळाला टेकली पाहिजे. ती टेकली का ते कळावं म्हणून काका प्रत्येक बुटाला मागून दोन भोकं पाडतात. भोकातून टाच दिसली नाही, तर सोडून पुन्हा बांधायचा.

एखादी आई म्हणायची, "फार रडतं हो लेकरू. मी आपली मधेच काढून ठेवते."

काका चष्म्यावरून बघायचे. "त्याला आज रडू दे, बाई. नाहीतर उद्या तू रडशील."

मग काकांना नात झाली. डावं पाऊल आत वळलेलं. आठव्या दिवशी लेक तिला घेऊन आली. "बघ लेका," काका मला म्हणाले, "गिऱ्हाईक घरातच जन्मलं." एवढं बोलून त्यांनी डब्याचं झाकण लावलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

प्लास्टरांनी नातीचं, ठकूचं, पाऊल सरळ झालं. पहिला जोड काकांनी सगळ्यांसारखाच केला. तो घालताना ती निळी होईपर्यंत रडायची. नवव्या महिन्यात तो अपुरा पडला. दुसरा जोड त्यांनी चार दिवस खपून केला. आत मऊ अस्तर. पुढे वाढीसाठी अंगठाभर जागा. मागे भोकं नाहीत.

"भोकं विसरलात," मी म्हणालो.

"ती लोकांच्या पोरांना. हिला मी स्वतः बांधणार. मला काय दुर्बीण लागते?"

ठकू रडायची थांबली. लेक म्हणाली, "बाबा, तुमच्या हाताला गुण आहे." महिन्याच्या तपासणीला काका एकटेच केसपेपर घेऊन आले. "लिही, बूट ठीक." मी लिहिलं. बाळ कुठे आहे, हे विचारलं नाही. पुढच्या महिन्यातही नाही.

तिसऱ्या महिन्यात लेक ठकूला घेऊन आली. ठकू बाक धरून उभी राहिली. डावा पाय बाहेरच्या कडेवर टेकला होता, पाऊल परत आत वळलं होतं.

डॉक्टरबाईंनी बूट उलटसुलट केला. "काका, भोकं?"

काकांनी खोलीतून आरी आणली, बुटाला मागून भोक पाडलं. मग ठकूला मांडीवर घेऊन बूट चढवला, पट्टे आवळले आणि खाली वाकून पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग मला म्हणाले, "तू बघ रे. माझे डोळे गेलेत."

मी पाहिलं. भोकात टाच नव्हती.

"पण ती रडत नव्हती हो," लेक म्हणाली. "मला वाटलं, सवय झाली."

"पाय आत सुटा होता," डॉक्टरबाई हळू म्हणाल्या. "रडेल कशाला?"

पुन्हा प्लास्टरं सुरू झाली. या वेळी सात झाली, पण पाऊल ताठर झालंय, पुरतं वळत नाही. पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया आहे. तोवर पाऊल आहे तिथे धरून ठेवायला नवे बूट हवे होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, बाहेरून मागवू. काका नको म्हणाले.

त्यांनीच केले. घट्ट. काल पहिल्यांदा घालायचे होते. काका बूट घेऊन दारात आले. ठकू आईच्या कडेवर होती. त्यांना बघताच तिने दोन्ही पाय पोटाशी घेतले आणि तोंड फिरवलं.

"ये ना गं," काका म्हणाले. "आजोबा आहे मी."

लेकीने तिला खाली बसवलं आणि तिचे पाय धरले. काका गुडघ्यावर बसले. पट्टे आवळताना त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.