मेंढवाड्याखालची आग

येडू वाघमोडे पहाटे अनवाणी गवतात शिरायचा आणि पाय कुठवर भिजला ते बघायचा. नुसता घोटा ओला झाला तर काडी ओढायची नाही. गुडघ्यापर्यंत ओल लागली की दव पुरेसं. आग सरकेल, पण पळणार नाही. भोकरमाळाच्या सरकारी कुरणाचा राखणदार म्हणून त्यानं बारा वर्षं याच मापानं जाळरेषा काढली. जाळरेषा म्हणजे कुरणाच्या मधोमध वीस हात रुंदीचा पट्टा. दोन्ही कडा कुदळीनं खरवडायच्या आणि मधलं गवत पौषात, दव असतानाच, जाळून टाकायचं. मग उन्हाळ्यात एका अंगाला वणवा लागला तरी दुसरं अंग वाचतं.

लेखी हुकमाशिवाय कुरणात आग लावायची नाही, असा नियम होता. हुकूम सोलापूरहून यायचा तो फाल्गुनात, गवत कडकडीत वाळल्यावर. त्यामुळे येडू दर पौषात हुकमाविना जाळायचा, आणि गार्ड अण्णाराव नेमके त्या दिवशी वैरागच्या बाजाराला जायचे. पुढं हुकूम आला की 'तामील झाली' असं लिहून पाठवायचे. याविषयी दोघांत कधी बोलणं झालं नव्हतं.

कुरणात चाळीस-पन्नास काळविटांचा कळप होता. त्यातल्या माद्या याच दिवसांत पूर्वेकडच्या उंच पवन्या गवतात व्यायच्या. नवं पाडस आठ-दहा दिवस गवतात मान टाकून पडून राहतं. माणूस आला तरी हलत नाही, कुत्रं आलं तरी नाही आणि आग आली तरी नाही. जळल्या पट्ट्यावर टोळ टिपायला माळढोक उतरायचे, पण पाडसांना उभं गवतच लागायचं. सोलापूरच्या साहेबांना काळवीट शिकारीसाठी हवे होते. येडूला कशासाठी हवे होते, हे त्याला कुणी विचारलं नाही.

१९३४ च्या पौषात त्याचे गुडघे वळेनासे झाले होते. त्यात मेंढरंही नव्हती. दरवर्षी जळल्या पट्ट्यावरून भावकीची तीन-चारशे मेंढरं फिरवायची, म्हणजे खुरांखाली निखारा उरत नसे. पण पाऊस कमी झाला होता आणि कळप मार्गशीर्षातच अकलूजकडं, कालव्याच्या शिवारात बसायला गेला होता.

"गार्डाला सांगा की, दोन मानसं द्या म्हनावं," बायको गोजाबाई म्हणाली.

"हुकूमच न्हाय, तर मानसं कुटली?"

"मंग ऱ्हाऊ द्या. कुरन काय तुमच्या बाचं हाय व्हय?"

"मेंढवाडा हाय की बाचा," येडू म्हणाला. गोजाबाई हसली.

ते खरंच होतं. कुरण सरकारजमा होण्याआधी येडूचा बाप रेषेच्या जरा बाजूला, एकाच जागी वीस वर्षं मेंढरं बसवायचा. तिथली जमीन खुरांनी इतकी दडपलेली होती की गवत अजून विरळच उगवायचं. येडूनं विचार केला, रेषा तिकडून वळवली तर दोन दिवसांची खरवड वाचते. त्यानं रेषा वळवली.

त्या विरळ गवताखाली हातभर लेंड्यांचा थर होता, वाळून खडखडीत झालेला. हे येडूला माहीत नव्हतं असं नाही. टोपलीभर लेंड्या चुलीत घातल्या की विस्तव सकाळपर्यंत टिकतो, हे धनगराच्या घरात वेगळं शिकवावं लागत नाही. त्या दिवशी मात्र ते त्याच्या मनात आलं नाही. कंबर दुखत होती आणि काम लवकर उरकत होतं. आग शहाण्यासारखी चालली. कडेनं तो तरवडाच्या फाट्यानं झोडपत गेला आणि दुपारी सगळं थंड पडलेलं बघून घरी आला.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी पश्चिमेचा वारा सुटला आणि मेंढवाड्यातून धूर निघाला.

येडू आणि अण्णाराव पोचेपर्यंत आग पूर्वेच्या पवन्यात घुसली होती. पुढं कुरणातून जाणारी गाडीवाट होती. वाटेवरून समोरून आग सोडली तर दोन्ही आगी मधे भेटून विझल्या असत्या आणि वाटेपलीकडचा पवना वाचला असता. पण मेंढवाडा आणि वाट यांच्या मधल्या गवतात येडूनं आदल्या दिवशी दोन ओल्या, नुकत्याच व्यालेल्या माद्या पाहिल्या होत्या.

"तात्या, आधी पाडसं उचलू," अण्णाराव म्हणाले.

"कुटं पडल्यात ते तुमास्नी दिसतंय व्हय? मला बी दिसंना." येडूनं मूठभर गवत तोडून वर उडवलं. ते सरळ त्यांच्या तोंडावर आलं. "वारं बगा. पल्याड लई हायती."

त्यानं काडी ओढली.

चाळीस एकर जळालं. वाटेपलीकडचा पवना उभा राहिला. राख निवल्यावर येडू आत फिरला. एक पाडस सापडलं, मान टाकलेलं, जसं पडलं होतं तसं. दुसरं सापडलं नाही. ते वाचलं की नाही, हे कळायला मार्ग नव्हता.

अण्णारावांनी रिपोर्ट लिहायला घेतला. "वाटसरूच्या विडीनं आग लागली, असं लिहितो."

"इडी न्हाय. माजी आग हाय."

"तात्या, नोकरी जाईल."

"वाटसरू म्हनून लिवलं, तर फुडल्या साली कोन बी तितनं रेषा काढंल. लेंडी तितंच हाय की." मग जरा थांबून तो म्हणाला, "रेषा जाळली तवा तुमी बाजारात हुता तसं लिवा. ते तर खरंच हाय."

नोकरी गेली. फाल्गुनात सोलापूरहून हुकूम आला : जाळरेषा त्वरित काढावी.

पुढच्या पौषात कल्लप्पा नावाचा नवा राखणदार सकाळीच येडूच्या दारात उभा राहिला. तो अक्कलकोटकडचा, घरी कानडी बोलणारा.

"अज्जा, गार्डसाब बाजाराला गेले. जाताना म्हनाले, तात्याला इचार."

"पाय कुटवर भिजला?"

"गुडघ्यापातूर."

येडू भिंतीला हात लावून उठला. गोजाबाईनं कपाळाला हात लावला, पण भाकरी बांधून दिली. येडूनं कोपऱ्यातली कुदळ घेतली.

"काडीपेटी न्हाय का घेत?" कल्लप्पानं विचारलं.

"आदी लेंडी."

मेंढवाडा रेषेच्या इतक्या जवळ होता की एक ठिणगी उडाली तरी पुरे. गेल्या साली थर एका कडेनंच धुमसला होता, बाकीचा तसाच होता. दोघं खणायला लागले. कल्लप्पा खणायचा, येडू लेंड्या पाटीत भरून खरवडलेल्या मातीवर पसरायचा. दर चार पाट्यांनंतर तो खाली बसायचा. पूर्वेच्या पवन्यात दोन-तीन माद्या चरत होत्या. त्यांनी माना वर केल्या आणि पुन्हा खाली घातल्या.

उन्हं चढली, दव वाळलं, तरी निम्मा थर तसाच होता. त्या दिवशी काडी ओढली नाही.

"उद्या येतो, अज्जा?" कल्लप्पानं विचारलं.

"ये," येडू म्हणाला. "आनि टिकाव आन. खाली लई घट हाय."